हैतीच्या परदेशस्थांचा पैसा आणि गावाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हैतीविषयी आपल्या दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर येणाऱ्या बातम्या मी नेमाने वाचतो. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची राहत्या घरात झालेली हत्या, मार्च २०२४ मध्ये टोळ्यांनी फोडलेले तुरुंग, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बंद पडलेला विमानतळ, घरदार सोडून पळालेली दहा लाखांहून अधिक माणसे, हे सगळे खरे आहे आणि ते छापलेच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो बहुतेक बातम्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘परकीय मदतीवर जगणारा देश’ या ठरीव वाक्यावर. हैतीत दरवर्षी बाहेरून जो पैसा येतो, त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत भरवशाचा वाटा कोणत्याही परकीय सरकारचा किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेचा नसून परदेशात राबणाऱ्या हैतीच्याच माणसांचा असतो. ही रक्कम गेली काही वर्षे ३ अब्ज डॉलरच्या वर असून देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे पाचव्या भागाइतकी भरते. २०१० च्या भूकंपानंतरची एक-दोन वर्षे सोडली, तर परकीय अनुदानांची बेरीज तिच्या जवळपासही फिरकलेली नाही. तेव्हा ‘परकीय मदत’ म्हणताना आपण नेमके कोणाला परके म्हणतो, याचा विचार आपल्या वार्ताहरांनी करावा, अशी विनंती आहे.

या विषयात मला रस का, हेही सांगितले पाहिजे. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून माझी नोकरी झाली असल्यामुळे कोणत्याही संस्थेचे नाव कानावर आले की पहिले लक्ष तिच्या जमाखर्चाकडे जाते. शिवाय माझी मुलगी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका रुग्णालयात कामाला आहे, आणि तिथल्या परिचारिकांत, मदतनिसांत हैतीच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. मुलीकडे जाणे-येणे होत असल्याने त्यांच्या गावांसाठी चालणाऱ्या मंडळांची ओळख झाली आणि मग त्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

हैतीची माणसे देश सोडून गेली, ती एका दिवसात किंवा एका कारणाने गेलेली नाहीत. १९५७ साली फ्रान्स्वा द्युव्हालिए सत्तेवर आले, आणि त्यांच्या व नंतर त्यांच्या मुलाच्या १९८६ पर्यंत चाललेल्या हुकूमशाहीत आधी डॉक्टर, वकील, प्राध्यापक बाहेर पडले. साठच्या दशकात नव्याने स्वतंत्र झालेल्या काँगोत फ्रेंच जाणणारे शिक्षक हवे होते, म्हणून कित्येक जण आफ्रिकेत गेले. बाकीच्यांनी न्यूयॉर्क आणि मॉन्ट्रियल गाठले. त्यांच्यामागून गरीब माणसे लाकडी होड्यांतून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली, आणि २०१० नंतरची पिढी ब्राझील व चिलीकडे वळली. उच्चशिक्षण घेतलेल्या दर पाच हैतीयनांपैकी चार जण देशाबाहेर असतात, असा अंदाज जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी या शतकाच्या आरंभी मांडला होता. ज्या देशाने १८०४ मध्ये गुलामांच्या उठावातून स्वातंत्र्य मिळवले आणि ज्याच्याकडून फ्रान्सने १८२५ मध्ये, युद्धनौका पाठवून, गमावलेल्या मळ्यांची आणि माणसांची ‘नुकसानभरपाई’ म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले (पुढे ती रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यातून उपजलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालू राहिले), त्या देशाच्या तिजोरीत शाळा आणि दवाखाने बांधायला पैसा का उरला नाही, हे वेगळे सांगायला नको. एखाद्या पतसंस्थेच्या माथी पहिल्याच वर्षी असे देणे मारले असते, तर मी तिचा ताळेबंद तपासायलासुद्धा घेतला नसता.

परदेशी गेलेल्या या लोकांचे हैतीच्या राज्यकर्त्यांनी काय केले, तोही इतिहास बोलका आहे. डिसेंबर १९९० मध्ये निवडून आलेले आणि १९९१ साली सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष जाँ-बेर्त्राँ आरिस्तीद यांनी परदेशस्थांना देशाचा ‘दहावा प्रांत’ म्हटले, कारण तेव्हा हैतीत नऊ प्रांत होते. (२००३ मध्ये निप हा प्रांत नव्याने निघाला आणि बिचारे परदेशस्थ अकराव्या क्रमांकावर गेले.) १९९४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र मंत्रालयही उघडण्यात आले. परंतु १९८७ च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व नाकारलेले असल्याने अमेरिकेचे किंवा कॅनडाचे नागरिकत्व घेतलेला माणूस मायदेशात परका ठरत असे. त्यात दुरुस्ती व्हायला २०१२ साल उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी मात्र मिशेल मार्तेली यांच्या सरकारने देशात येणाऱ्या प्रत्येक रकमेवर दीड डॉलर आणि परदेशी फोनवर मिनिटाला पाच सेंट अशी आकारणी, संसदेचा कायदा नसताना, मोफत शिक्षणाच्या नावाखाली सुरू करून टाकली. त्या निधीचा समाधानकारक हिशेब वर्षानुवर्षे मागूनही मिळाला नाही, म्हणून काही परदेशस्थांनी अमेरिकेच्या न्यायालयात दावे लावले. मतपेटीपाशी ज्यांना जागा नव्हती, त्यांचे पाकीट सरकारला बरोब्बर सापडले होते.

आता हा पैसा जातो कुठे, ते पाहू. बहुतांश पैसा घराघरांत जातो आणि तिथेच संपतो. हैतीत प्राथमिक शाळांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक खासगी आहेत, म्हणजे गरिबातल्या गरिबालाही फी चुकलेली नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा उघडण्याच्या सुमारास पैसे पाठवणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागतात त्या यासाठी. उरलेला पैसा औषधे, घरभाडे आणि तांदूळ यांवर खर्च होतो, आणि तांदळाची गोष्ट तर मुळातून वाचण्यासारखी आहे. आर्तिबोनित नदीचे खोरे हे हैतीचे भाताचे कोठार. १९९५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहाने तांदळावरील आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणले गेले आणि अमेरिकी सरकारच्या अनुदानावर पिकलेला तांदूळ, ज्याला हैतीत ‘मायामी तांदूळ’ म्हणतात, बाजारात ओतला गेला. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की हे धोरण आपल्या आर्कान्सा राज्यातील काही शेतकऱ्यांच्या भल्याचे ठरले असेल, पण हैतीसाठी ती चूक होती. म्हणजे फ्लोरिडात वृद्धांची शुश्रूषा करून एखाद्या बाईने मिळवलेले डॉलर हैतीत जातात आणि तिची आई त्यातून अमेरिकेचाच तांदूळ विकत घेते. पैशाचा हा फेरा पूर्ण होतो, पण आर्तिबोनितच्या शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पैशाबरोबर वस्तूही जातात. ब्रुकलिनमध्ये अनेक हैतीयन घरांच्या कोपऱ्यात कंबरेएवढे निळे प्लास्टिकचे पिंप उभे असते आणि त्यात महिनोन्महिने तेलाचे डबे, साबण, वह्या, चपला, जुने कपडे ठासून भरले जातात. पिंप भरले की ते जहाजाने रवाना होते. या मायेला मी नावे ठेवणार नाही. तरी जुन्या कपड्यांच्या प्रचंड आयातीने हैतीतल्या गावोगावच्या शिंप्यांचा धंदा बसवला, हेही लिहिले पाहिजे. घरच्यांना जगवणे आणि गावाचा विकास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली कितीही केली तरी तिच्यातून दुसरी आपोआप होत नाही.

दुसऱ्या कामासाठी हैतीच्या लोकांनी गावनिहाय मंडळे काढली. न्यूयॉर्क, मायामी, बॉस्टन, मॉन्ट्रियल येथे एकेका गावाची, कधी एकेका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची अशी मंडळे आहेत. हैतीयन डॉक्टरांची परदेशस्थ संघटना तर १९७२ पासून चालू आहे. कोकणातल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. ‘अमुक ग्रामविकास मंडळ, मुंबई’ अशी पाटी परळ-लालबागच्या चाळीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना चाकरमान्यांच्या वर्गणीतून शाळेची खोली कशी उभी राहते आणि त्यावरून मुंबईकर कमिटी व गाववाली कमिटी यांच्यात कसे जुंपते, हे मी सांगायला नको. मुंबईला देवळाचा सभामंडप हवा असतो, गावाला नळाचे पाणी. हैतीच्या मंडळांतही वाद नेमका हाच आहे आणि माझ्या मते त्यांचे यशापयश याच एका प्रश्नावर ठरते: पैसा देणाऱ्याने ठरवायचे की गावात राहणाऱ्याने?

अशा एका मंडळाच्या बैठकीला मला बसायला मिळाले. ती १ जानेवारीला, हैतीच्या स्वातंत्र्यदिनी, ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागातल्या एका चर्चच्या तळघरात होती. त्या दिवशी प्रत्येक हैतीयन घरात भोपळ्याचे सूप शिजते. गुलामगिरीच्या काळात हे सूप रांधायचे गुलामांनी आणि प्यायचे मालकांनी, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी ते सर्वांनी प्यायचे, अशी चाल पडली आणि २०२१ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. सूपाचे वाडगे विकून शाळेच्या छपरासाठी पैसे जमवणे चालले होते. वाडगे आवरल्यावर खजिनदारांनी, हे गृहस्थ शहरात बस चालवून निवृत्त झाले होते, टेबलावर वही उघडली आणि फोनचा आवाज मोठा करून हैतीतल्या शाळेच्या मास्तरांना बैठकीत घेतले. पत्रे, लाकडी वासे, खिळे, सुतारांची मजुरी असा एकेक खर्च वाचला जात होता आणि पावत्यांचे फोटो मोबाइलवर हातोहात फिरत होते. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हरकत घेतली की वाहतुकीचा खर्च पत्र्यांच्या किमतीला येऊन भिडला आहे, तो कसा? पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मास्तरांनी सांगितले की राजधानीतून निघालेल्या ट्रकला वाटेत टोळ्यांच्या नाक्यांवर पैसे मोजावे लागले, त्याची पावती कोण देणार, म्हणून ते वाहतुकीत धरले आहेत. त्यावर जी चर्चा झाली, तशी मी आमच्याकडच्या वार्षिक सभांत क्वचितच ऐकली आहे. एकाचे म्हणणे असे की छप्पर झाले, मुले भिजत नाहीत, विषय संपवा. बाई मात्र अडून बसल्या की खंडणी दिली असेल तर वहीत खंडणी असेच लिहा, वाहतूक लिहिलेत तर पुढच्या वर्षी कोणीही काहीही वाहतुकीत घालील. शेवटी स्वतंत्र सदर उघडायचे ठरले. आमच्या खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात अशा खर्चाला सदर नाही, पण त्या बाईंना मी माझ्या हाताखाली आनंदाने नेमून घेतले असते.

या छोट्या मंडळांची मर्यादा उघड आहे. शाळेवर छप्पर येते, पण मास्तरांचा पगार पुढच्या देणगीवर टांगलेला राहतो. म्हणून मला अधिक महत्त्वाचे वाटते ते लाम्बी फंडासारख्या संस्थांचे काम. हैतीतले लोक, अमेरिकास्थित हैतीयन आणि त्यांचे काही अमेरिकी स्नेही यांनी मिळून १९९४ मध्ये ही संस्था काढली. लाम्बी म्हणजे शंख. उठावाच्या काळात गुलामांना एकत्र बोलावण्यासाठी तो फुंकला जाई, आणि पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये पळून गेलेल्या गुलामाचा जो प्रसिद्ध पुतळा आहे, त्याच्याही तोंडी शंखच आहे. या संस्थेने स्वतः योजना आखून गावात न्यायची नाही, असा दंडक सुरुवातीपासून ठेवला. गावातल्या शेतकऱ्यांच्या किंवा स्त्रियांच्या संघटनेने मागणी करायची, तिने समिती निवडायची, आपला श्रमाचा किंवा साहित्याचा वाटा घालायचा आणि हिशेबही तिनेच ठेवायचा. फंडाने पैसा आणि प्रशिक्षण पुरवायचे. मागण्या आल्या त्याही पाहण्यासारख्या होत्या: धान्य दळायची गिरणी, नांगरटीची बैलजोडी, पावसाचे पाणी साठवायची टाकी, रोपवाटिका, छोट्या कर्जांचा गावनिधी, आणि डुकरे.

डुकरांचे नाव वाचून हसू येईल, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. हैतीच्या शेतकऱ्याकडे पूर्वी काळे, काटक, क्रेयोल जातीचे डुक्कर असे. ते उकिरड्यावर आणि गळून पडलेल्या फळांवर पोसले जाई, जमीन उकरून भुसभुशीत करी आणि शाळेची फी, बाळंतपण, मयत अशा वेळी विकता येई. बँक ज्याच्या दारापर्यंत कधी आली नाही, त्याचे ते बचत खाते होते. १९७८ च्या अखेरीस हैतीत डुकरांचा आफ्रिकन ताप आढळला, आणि रोग उत्तर अमेरिकेतल्या वराहपालनात शिरेल या धास्तीने अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या पैशाने १९८३ पर्यंत देशातली डुकरे मारून संपवण्यात आली. बदल्यात अमेरिकेतून जी पांढरी डुकरे आणली गेली, त्यांना स्वच्छ पाणी, विकतचे खाद्य आणि छपराचा गोठा लागे. ज्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरावर धड छप्पर नव्हते, त्याने या जनावरांना ‘चार पायांचे राजपुत्र’ असे नाव ठेवले. त्या सुमारास शाळांतली पटसंख्या घटली, ती का, हे तज्ज्ञांना बरेच उशिरा उमगले. पुढे गावातल्या संघटनांनी काटक जातीची डुकरे पुन्हा पाळायला घेतली, तेव्हा लाम्बी फंडाने त्यासाठी पैसा दिला, आणि ज्याला जनावर मिळाले त्याने पुढच्या विणीतली पिले संघटनेकडे परत करायची, म्हणजे ती दुसऱ्या घरी देता येतील, अशी रीत ठेवली. परदेशातल्या तज्ज्ञाने जे काही वर्षांत बुडवले, ते गावाने स्वतःच्या अकलेने पुन्हा उभे करायला घेतले, आणि त्याला लागणारा पैसा परदेशातल्या आप्तांनी, फारसे प्रश्न न विचारता पण हिशेब मागून, दिला.

याच्या उलट बाजूला १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतरची मदत आहे. लेओगानजवळ केंद्र असलेल्या ७.० तीव्रतेच्या त्या भूकंपात नेमके किती दगावले यावर आजही मतभेद आहेत, आणि अंदाज पन्नास हजारांच्या आसपासपासून तीन लाखांच्या वरपर्यंत जातात. जगभरातून अब्जावधी डॉलर जाहीर झाले. पहिल्या काही वर्षांच्या मदतीपैकी थेट हैतीयन संस्थांच्या हाती एक टक्काही पडला नाही. अमेरिकन रेड क्रॉसने सुमारे ५० कोटी डॉलर जमवले आणि २०१५ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा संस्थेने बांधलेली कायमस्वरूपी घरे सहा निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत सोडलेल्या मैल्यामुळे भूकंपाच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, पटकीची साथ आली, तिने सुमारे दहा हजार बळी घेतले आणि माफीचे शब्द उच्चारायला संयुक्त राष्ट्रांना डिसेंबर २०१६ पर्यंत वेळ लागला.

मग हैतीच्या माणसांनी चालवलेली संस्था म्हटली की डोळे झाकून देणगी द्यावी का? तसे मुळीच नाही. विख्यात गायक वायक्लेफ जाँ यांचा जन्म हैतीतला आणि देशावरचे त्यांचे प्रेमही जगजाहीर. त्यांच्या ‘येले हैती’ या संस्थेला भूकंपानंतर मोबाइल संदेशांतून देणग्यांचा पूर आला आणि त्या एका वर्षात सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर गोळा झाले. दोन वर्षांत संस्था देणी मागे ठेवून बंद पडली, आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलांनी करवलेल्या तपासणीत भूकंपापूर्वीच्या काळातही संस्थेच्या पैशातून संस्थापकांना व इतरांना गैरवाजवी लाभ दिले गेल्याचे नोंदले गेले. रक्त हैतीचे असले म्हणून व्हाउचर आपोआप जुळत नाहीत. येले हैती आणि फ्लॅटबुशच्या तळघरातली ती वही यांच्यात फरक होता तो हा, की वहीतला खर्च ज्या शाळेवर झाला तिथला मास्तर फोनवर हजर होता आणि त्याला ओळखणारी माणसे समोर बसून प्रश्न विचारत होती.

एवढे झाल्यावर एक मोठे उदाहरण दिले पाहिजे, कारण छप्पर आणि डुकरे यांवर कोणाचा देश उभा राहिला, असे कोणी विचारील. हैतीच्या ईशान्य टोकाला, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर, वानामेंत नावाचे गाव आहे. तिथल्या मारिबारूच्या मैदानात जमीन चांगली, पण पाणी नाही. सीमेवरून वाहणाऱ्या मासाक्र नदीतून कालवा काढायचे काम मोईझ सरकारने २०२१ मध्ये सुरू केले होते, ते त्यांच्या हत्येनंतर अर्धवट पडले. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस गावातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच फावडी उचलली. डॉमिनिकन राष्ट्राध्यक्ष लुईस आबिनादेर यांनी १९२९ च्या कराराकडे बोट दाखवून काम थांबवण्यास सांगितले आणि न ऐकल्यावर १५ सप्टेंबरला जमीन, समुद्र व हवाई अशी सारी सीमा बंद केली. त्याच नदीचे पाणी डॉमिनिकन शेतकरी आधीपासून अनेक ठिकाणी उचलत होते, ही गोष्ट त्या घोषणेत नव्हती. सीमेवरच्या बाजारावर पोट असलेल्या गावाला हा मोठाच फटका होता, तरीही काम थांबले नाही. ‘कालवा थांबणार नाही’ ही घोषणा बॉस्टनपासून सांतियागो द चिलीपर्यंत हैतीयन वस्त्यांत पोचली आणि तिथून वर्गण्या निघाल्या. गवंडी दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन राहिले, कोणी सिमेंटच्या गोण्या आणल्या, बायकांनी कामावर मोठमोठ्या पातेल्यांत जेवण रांधले. पुढच्या वर्षी त्या कालव्यातून पाणी वाहू लागले. देशात निवडून आलेले एकही सरकार नसताना, राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या ताब्यात असताना हे घडले, आणि आपल्या पानावर त्या दिवसांत सीमाबंदीची बातमी आली, कालव्याची आली नाही.

या कामावरही टीका झालीच पाहिजे. बांधकाम अभियंत्यांच्या पुरेशा देखरेखीशिवाय झाले, कालव्याच्या देखभालीचा खर्च कोण उचलणार हे ठरलेले नाही, आणि काही राजकारण्यांनी पाण्याबरोबर आपलीही होडी सोडली, हे आक्षेप मला योग्य वाटतात. त्याहून मोठा आक्षेप असा की परदेशस्थ शाळा, रस्ते, कालवे करत राहिले तर सरकार कायमचे हात झटकून मोकळे होते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तो घेणाऱ्यांनी मिरबालेच्या रुग्णालयाकडे पाहावे. भूकंपानंतर सरकार आणि ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था यांनी मिळून ३०० खाटांचे ते शिक्षण-रुग्णालय २०१३ मध्ये सुरू केले, ते देशातले उत्तमांपैकी एक होते, आणि मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्यांनी गावावर हल्ला केल्यावर ते रिकामे करावे लागले. पोलीस आणि न्यायालय या गोष्टी कोणतीही धर्मादाय संस्था पुरवू शकत नाही. त्या सरकारनेच द्यायच्या. तोवर गावांनी शाळा आणि पाणी यांची वाट पाहत बसावे, असे सांगण्याचा अधिकार मात्र मायामीत, मुंबईत किंवा दापोलीत बसलेल्या कोणालाही नाही.

हे पत्र आत्ता लिहिण्याचे कारण असे की हा पैसा ज्या हातांतून जातो, तेच हात सध्या अडचणीत आहेत. भूकंपानंतर अमेरिकेने हैतीच्या लोकांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा दिला, त्याखाली सुमारे साडेतीन लाख माणसांना तिथे कायदेशीरपणे राहण्याची व काम करण्याची मुभा मिळाली, आणि हा दर्जा काढून घेण्याची घोषणा अमेरिकी सरकारने २०२५ मध्ये केल्यापासून प्रकरण न्यायालयांत गेले आहे. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोख भरून परदेशी पाठवलेल्या रकमेवर एक टक्का कर लागू झाला. बँक खात्यातून किंवा कार्डावरून पाठवणाऱ्याला तो नाही, त्यामुळे तिकडच्या आपल्या सुस्थित मराठी मंडळींना त्याची झळ फारशी लागणार नाही. दुकानाच्या काउंटरवर नोटा मोजून देणाऱ्या हैतीयन बाईला मात्र ती लागेल. १९७८ पासून महाराष्ट्र फाउंडेशनच्या रूपाने अमेरिकेतल्या मराठी माणसांनीही मायदेशातल्या संस्थांना बळ दिले आहे, त्यामुळे या बाईची धडपड काय आहे हे आपल्या वाचकांना समजायला अवघड जाऊ नये.

तेव्हा विनंती अशी की या दर्जाविषयीचे निकाल जेव्हा येतील, तेव्हा बातमीत स्थलांतरितांच्या संख्येबरोबर त्यांनी मायदेशी पाठवलेल्या रकमेचाही आकडा द्यावा, आणि शक्य झाल्यास वानामेंतच्या कालव्यावर एक सविस्तर लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत यावा. तो कालवा आज कोण सांभाळतो, पाणीपट्टी कशी ठरते आणि गाळ कोण काढतो, हे मला स्वतःलाही वाचायचे आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)